एल्वुडच्या दगडावरचं विशेषण

एल्वुड टॅट्रो आमच्या व्हरमाँटमधल्या गावाचा बेसबॉलचा अंपायर. आठवडाभर शाळेची बस चालवायचा आणि शनिवारी मैदानावर लोकांच्या शिव्या खायचा. दोन्ही कामं एकाच चेहऱ्याने. गेल्या हिवाळ्यात तो गेला. बर्फ वितळल्यावर त्याची बायको लॉर्ना माझ्याकडे आली. गावातल्या थडग्यांचे दगड मीच कोरतो. नवऱ्याच्या नावाखाली तिला एकच शब्द हवा होता: ‘अनएरिंग’.

मी अर्थ विचारला.

“कधीच न चुकणारा,” ती म्हणाली.

मी म्हटलं, हा शब्द मी शिकाऱ्याच्या नेमाबद्दल ऐकलाय, कुत्र्याच्या नाकाबद्दल ऐकलाय; अख्ख्या माणसाला लावलेला ऐकला नाही. ‘चोख’वर भागत असेल तर बघा. तिचं भागत नव्हतं.

बातमी नाश्त्याच्या हॉटेलात पोचली आणि दुपारी रोलँड पेरो माझ्या दारात हजर. तरुणपणी एका अंतिम सामन्यात एल्वुडने त्याला आउट दिलं होतं आणि गाव हरलं होतं. आपण आउट नव्हतो, हे रोलँड तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आलाय. स्वतःच्या लग्नातही त्याने ते सांगितलं.

“ग्रॅनाइटवर खोटं कोरू नकोस,” तो मला म्हणाला.

हे लॉर्नाच्या कानावर गेलं. तिने आम्हा दोघांना घरी बोलावलं, केक वाढला आणि समोर बसली.

“तू आउट नव्हतास, रोलँड. एल्वुडला घरी येईपर्यंत कळलं होतं. जेवला नाही त्या दिवशी.”

रोलँडने काटा खाली ठेवला. “मग मला का नाही बोलला?”

“म्हणायचा, एक चूक कबूल केली की पुढच्या शनिवारी जो तो आपापली तक्रार घेऊन येईल.”

इतकी वर्षं रोलँडवर कोणी विश्वास ठेवला नव्हता. आता ठेवला, तर तो खाली ठेवलेला काटा उचलून पुन्हा केक खाऊ लागला. लॉर्ना माझ्याकडे वळली. तो शब्द आता नको, म्हणाली, नुसतं नाव कोर.

“नाही,” रोलँड म्हणाला. “शब्द पाहिजेच.”

मी कारण विचारलं.

“कधीच न चुकणारा माणूस एकदाच चुकला, आणि तोही माझ्या बाबतीत. साध्या अंपायरच्या चुकीची गोष्ट कोण ऐकून घेतो?”

लॉर्ना हसली नाही. तिने त्याला केकचा आणखी एक तुकडा वाढला.

शब्द मी कोरला. त्या दगडाभोवतीचं गवत आता रोलँड कापतो. कोणी वाचायला थांबलं, की यंत्र बंद करून जवळ जातो. रविवारी लॉर्ना फुलं घेऊन येते, तेव्हा मात्र टोपी काढून गप्प उभा राहतो.