रुखमाबाईच्या नावाची थैली

कलीमची एक खोड होती. कुठलंही कापड हातात आलं की तो आधी ते गालाला लावायचा. महागावात स्टँडच्या मागं, टिनाच्या खोलीत त्याचं छपाईचं दुकान. कबड्डीच्या बनियनी, लग्नातल्या थैल्या, मंडळाचे झेंडे, जे येईल ते तो छापायचा. कापड गालाला थंड लागलं म्हणजे त्यात ओल आहे, आणि ओल्या सुतावर शाई धरत नाही, हे त्याचे वडील जलाल शिकवून गेले होते. पोरंटोरं विचारायची, "कलीमभाई, कापडाचा मुका घेऊन राह्यले का?" हसा बापहो, हसा. त्या गालामुळे वीस वर्षांत एक थैली परत आली नव्हती.

खरं दुखणं होतं लायटीचं. जुन्या शाईला पकायला एकशे साठ डिग्री ताप लागायचा, आणि हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायला शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज असं बसायचं की कलीमच्या हीटरवर चहासुद्धा उकळला नसता. म्हणून त्या साली त्यानं नागपूरहून नवी शाई आणली, कमी तापावर पकणारी. एकशे तीसमध्ये काम फत्ते. डबा घरी आणून त्यानं बायकोला, हलीमाला, असा दाखवला जसा काही दागिना आणलाय. "आपल्यासारखी हाय हे," तो म्हणाला, "थोडक्यात भागवते."

ते साल गुलाबी बोंडअळीचं. बोंडं झाडावरच किडली, आणि ज्या बाया दरसाल दिवाळीपासून कापूस वेचायला जायच्या, त्यांना वेचायलाच काही उरलं नाही. जवळच्या खेड्यातल्या बेबीताईनं अशा अकरा जणींचा बचतगट उभा केला. शिलाई मशिनी आल्या, थैल्या शिवायला लागल्या. पुण्यात दुकान चालवणाऱ्या सुरभी नावाच्या बाईनं नमुन्याच्या दोनशेवीस थैल्या मागवल्या. तिची अट एकच: जिनं थैली शिवली तिचं नाव थैलीवर पाहिजे. या पसंत पडल्या तर पुढं वर्षभर काम. नाही पडल्या तर अकराही जणी गाव सोडून ऊसतोडीला. एवढं सरळ होतं ते.

कलीमनं अकरा नावांच्या, शाई उतरवायच्या जाळीच्या अकरा फ्रेमा केल्या. रुखमाबाईची फ्रेम झाली तेव्हा ती स्वतः बघायला आली. साठीची बाई, अंगठा उठवणारी. पहिल्या कापडावर नाव उमटलं आणि ती बोट न लावता नुसती बघत राहिली.

"हे मी का?" तिनं विचारलं.

"तूच मावशी. रुखमाबाई."

"एवढी लांब?" ती म्हणाली, आणि पदरानं तोंड झाकून हसली.

छपाईच्या दिवशी सकाळी बेबीताई ऑटोत गठ्ठे घालून आली. थैल्या कशा, तर नव्या नवरीच्या लुगड्यासारख्या कडक. बायांनी पहाटे उठून पाणी शिंपडून, कोळशाच्या इस्त्रीनं एकेक थैली दाबली होती आणि ऊन ऊनच प्लास्टिकमध्ये बांधली होती. पुण्याला जाणार, चुरगळलेली कशी द्यायची? कलीमनं सवयीनं थैली गालाला लावली. गरम लागली. त्याला वाटलं, कोरडी ठाक आहे. इस्त्रीची ऊब सुताच्या पोटातली ओल झाकून बसली होती आणि वीस वर्षांचा शहाणा गाल तिथं फसला.

शाई वरून पकली. नखानं उकरली, निघाली नाही. ताणून पाहिली, तडकली नाही. खालून मात्र ओलीनं सगळा ताप पिऊन टाकला होता, आणि कमी तापाच्या शाईपाशी जास्तीचा ताप असतो कुठं? पहिली थैली हलीमाकडून तीनदा धुवून घ्यायची, मगच माल सोडायचा, हा त्याचा नेम. पण सुरभीताईचं प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं, पुण्याची गाडी संध्याकाळची होती, आणि नव्या शाईवर त्याचा जीव जडला होता. माल गेला.

दुसऱ्या दिवशी, नेमासाठी मागं ठेवलेली थैली धुताना हलीमानं हाक मारली. दुधावरची साय बोटावर यावी तसं नाव तिच्या बोटावर आलं होतं. कलीमनं मोरीशीच पुण्याला फोन लावला. तोवर सुरभीताईच्या निम्म्या थैल्या प्रदर्शनात विकल्या गेल्या होत्या. महिन्याभरात तक्रारींचे फोटो आले, आणि त्यांच्या मागोमाग, आता नको, असा निरोप.

बेबीताई दुकानात आली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"काहून झालं असं, कलीमभाऊ?"

इस्त्रीआधी शिंपडलेल्या पाण्यामुळे, हे त्याच्या ओठावर आलं होतं. पण पहाटे उठून इस्त्री करणाऱ्या अकरा जणी त्याच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. तपासायचं काम त्याचं होतं, त्यांचं नव्हतं.

"शाई खराब निघाली, बेबीताई. माही चूक हाय. मी नवी आणली."

गावाला तेवढं पुरलं. कलीम हलकी शाई वापरतो, अशी बोंब झाली. त्या सालच्या कबड्डीच्या बनियनी यवतमाळहून छापून आल्या. गटाच्या मशिनींवर खोळी चढल्या. ऊसतोडीला कमी पडलेले गडी नेणारा टेम्पो माघात खेड्यात आला आणि बाया बिऱ्हाडं बांधायला लागल्या.

टेम्पो महागावच्या स्टँडवर थांबला तेव्हा रुखमाबाई उतरून दुकानात आली. काखेत तिची थैली. मागं फ्रेम बघायला आली होती तेव्हा नाव उमटलेलं ते पहिलं कापड कलीमनं तिला देऊन टाकलं होतं, त्याचीच शिवलेली. नाव अजून जसंच्या तसं काळं कुळकुळीत.

"सगळ्याईचं गेलं म्हणते," ती म्हणाली. "माहं त हाय. मी धुतलीच नाई. मळली आता, भाकरी बांधतो हिच्यात. धुवू का रे कलीम?"

ते कापड त्या गठ्ठ्यांतलं नव्हतं, दुकानातल्या तुकड्यांतलं होतं. कोरडं होतं का? त्या दिवशी गालाला लावलं होतं का? त्यानं आठवून पाहिलं. आठवेना. थैली हातात घेतली, गालापाशी नेली आणि तशीच खाली आणली. आता त्या गालाला काय कळणार होतं?

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"नको धुवू मावशी," कलीम म्हणाला. "राहू दे तशीच."