आपणहून जागणारे प्रोसेसर

जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनच्या नगरसंगणक-केंद्रात रोसविता किमर्ले यांचे अर्धे आयुष्य एका महायंत्राच्या परिचर्येत गेले. त्या यंत्रात अनेक नगरांच्या यंत्रणा एका छपराखालच्या भावंडांसारख्या नांदत. एकीने गरजेहून अधिक प्रोसेसर जागे ठेवले की दुसरीला तेवढे कमी पडत. आजवर त्यांना जागवणे-निजवणे माणसाच्या हाती होते. रोसविताबाईंनी त्यासाठी नियम रचले : भार वाढला की एक प्रोसेसर आपणहून जागा व्हावा, उसंत मिळाली की निजावा.

त्यांचे वरिष्ठ श्टेर्कसाहेब यांनी एकच सकाळ दिली. "मुलांच्या पोहण्याच्या वर्गांची नोंदणी उघडतेय. झाडून सारे आईबाप तुटून पडणार. नियम टिकले तर ठेवू. मला हात घालावा लागला, तर कायमचे पुसून टाकायचे."

नोंदणी उघडली. संगणकाच्या पडद्यावर भाराची रेषा उसळली आणि एक प्रोसेसर जागा झाला! पाठोपाठ दुसरा! अरुणोदयी एकेक गवाक्ष उजळावे तसा पडदा उजळत गेला. बाई पडद्याजवळ सरकल्या.

पण तिसरा जागा होतो न होतो तोच दुसरा निजला. पुन्हा जागा, पुन्हा निद्रिस्त. भार अंमळ उतरला की नियम प्रोसेसर बंद करी आणि पुढच्याच लाटेला तो पुन्हा जागवावा लागे. या उठाबशांतच यंत्र दमले. आईबापांचे अर्ज अडकले.

"झालं तुमचं?" श्टेर्कसाहेबांचा हात कळफलकाकडे गेला.

"थांबा हो जरा!"

शेजारच्या मेजावरचे ओटमार ब्युर्क्ले खदखदून हसले. "फ्राऊ किमर्ले, नियमसुद्धा तुमच्यावरच गेलाय! तुमच्याकडे जेवताना मी हात धुवायला उठलो, तर तुम्ही दिवा मालवलात. परत येऊन अंधारात श्पेट्सलच्या शेवया चिवडत बसलो!"

"मग? रिकाम्या खोलीत दिवा कशाला जाळायचा?"

"अहो, मी परत येणार होतो ना!"

बाई थबकल्या. "परत येणार होता... अगदी बरोबर!"

काटकसर हा त्या प्रांताचा कुळधर्म, आणि तोच त्यांच्या हातून नियमात उतरला होता. जागवण्याची मर्यादा आणि निजवण्याची मर्यादा जवळजवळ एकच! त्यांनी दोहोंत ऐसपैस अंतर घातले. भार दीर्घकाळ उतरलेला राहिल्यावाचून कोणास निजवू नये, अशी अटही जोडली.

सुधारलेला नियम लागू झाला. एक प्रोसेसर जागा झाला, आणि जागाच राहिला. मग दुसरा, तिसरा, चौथा! अडलेले अर्ज पाट फोडल्यासारखे वाहू लागले. ब्युर्क्ले उठून मोठमोठ्याने मोजू लागले. श्टेर्कसाहेबांनी हात पाठीमागे बांधले.

वर्ग भरले, गर्दी ओसरली. प्रोसेसर मात्र जागेच.

"आता का निजत नाहीत?" साहेबांनी दरडावले.

"हात लावू नका! बघा नुसतं."

तिघेही पडद्यासमोर उभे राहिले. आणि कोणीही न सांगता एक प्रोसेसर निजला. थोड्या वेळाने दुसरा.

"निजला! साहेब, निजला!" आयुष्यभर दबक्या आवाजात बोललेल्या रोसविताबाई ओरडल्या.

श्टेर्कसाहेबांनी घसा खाकरला. "उद्यापासून पाणीपट्टीच्या यंत्रणेलाही हेच लावा."

"उद्या कशाला?" म्हणत बाईंनी खुर्ची पुढे ओढली.