गुरुवारसाठी राखलेली गाडी

सर्जा तीन चाकांवर गेला.

चार चाकांची गाडी तयार होऊन दारात उभी होती.

आज वर्ष झालं.

उचगावात आमची वर्कशॉपं शेजारी-शेजारी. मी लेथवर हेल्पर म्हणून लागलो, पुढं स्वतःचं मशीन घेतलं. सर्जा वेल्डिंगवाला. भंगारातून काय बनवील याचा नेम नाही.

त्यानं शेतासाठी एटीव्ही बनवली होती. तो म्हणायचा रानगाडी. पुढं मोटारसायकलचं हँडल आणि एक चाक, मागं रिक्षाचा सांगाडा, दोन जाड टायर. चिखल असो, उसाची सरी असो, कुठंही जायची.

पण जोरात वळली की मागचं एक चाक उचलायचं. मला ते न बघता कळायचं. चाक अधांतरी फिरलं की इंजिनचा आवाज एकदम चढतो.

"सर्जा, पुढं दोन चाकं घाल. ही पालथी होणार बघ."

"आरं, तिवई कधी डुगडुगती काय? कुठंबी ठेव, तिन्ही पाय टेकत्यात. चार पायांच्या टेबलाखाली तूच रोज पुठ्ठा घालतोयस की!"

"तिवई वळण घेती व्हय रं?"

सगळं वर्कशॉप हसायचं. सर्जा सगळ्यात मोठ्यानं.

मग एकदा रिकामी गाडी कलंडली. उसात उडी मारली म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता चार चाकांची चेसिस जोडायला बसला.

तयार झाल्यावर मैदानात मीच गरागरा फिरवली. चारी चाकं जमिनीला. आवाज एकसारखा.

सर्जानं हात जोडले. "जिंकलासा, पावणं!"

"मग उद्यापासनं हीच ने रानात."

"छे! आधी वाडीला. दत्ताच्या दारात नारळ फुटल्याबिगर नवी गाडी मातीत न्हाय घालायची. गुरुवारी टेंपो सांगितलाय. तूबी चल."

त्यांच्या घरातली सायकलसुद्धा आधी नृसिंहवाडीला जाऊन आलेली.

बुधवारी सकाळी म्हशींच्या वैरणीला तो जुनीच घेऊन गेला.

मागं ओल्या वैरणीचा भारा. बांधावरून उतरता उतरता वळवली.

लोक पोचले तेव्हा गाडी त्याच्या अंगावर होती.

गुरुवारी टेंपो मात्र अगदी वेळेवर दारात आला.

वाद मी जिंकलो होतो. काय करायचंय जिंकून?

दिवसकार्य झाल्यावर सर्जाच्या बायकोनं, सुनीता वहिनींनी, नव्या गाडीवरची ताडपत्री स्वतः ओढली. मी विचारलं, "वाडीला कधी न्यायची?"

"म्हशी काय गुरुवारपतोर उपाशी राहत्यात व्हय, भावजी?"

आणि चावी फिरवली.

आज सकाळी त्यांच्या रानाकडं गेलतो. रस्त्यावरच थांबलो. वहिनी वैरण घेऊन येत होत्या. बांधाचं तेच वळण. मला बघवेना. पाठ फिरवून उभा राहिलो.

कान मात्र तिकडंच.

आवाज चढला नाही.

सर्जा, चारी चाकं जमिनीला आहेत रे.

घोर करू नकोस. राम राम, दोस्ता.