सेव्ह न करता बंद केलेली फाइल

कोणी विचारलं, पत्रं टाइप करायचं सॉफ्टवेअर फुकटातलं ऑनलाइन बरं की विकतचं कॉम्प्युटरवर टाकलेलं, तर मी चिडते. माझ्यापुरता त्यांच्यात एकच फरक आहे. विकतच्यात फाइल बंद करायला गेलं की छोटी चौकट येऊन विचारायची, बदल सेव्ह करायचे का? ‘नाही’ म्हटलं की केलेला सगळा घोळ गायब. ऑनलाइनमध्ये ती चौकट नाही. तेवढ्यावरून एका बाईची सव्वीस वर्षांची नोकरी गेली आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून बघत राहिले.

अंधेरी ईस्टला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यात आमचं ऑफिस होतं. सोसायट्यांच्या लिफ्टची देखभाल करणारी छोटी कंपनी. आत केबिनमध्ये सर, बाहेर ताई आणि मी. ताई दिंडोशीला राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या. पत्रं आणि करार टाइप करायचं काम त्यांचं, फोन आणि मेल माझे. मी घाटकोपरहून यायचे. नवीन होते तेव्हा चेअरमनला कसं लिहायचं, सेक्रेटरी तापला की कसं लिहायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. कधी कंटाळल्या नाहीत, हे मुद्दाम सांगते.

त्यांची पद्धत आपल्या सगळ्या ऑफिसांत असते तीच. कोऱ्या पानावर कधी सुरुवात करायची नाही. जुना करार उघडायचा, नाव, पत्ता, तारीख बदलायची आणि दुसऱ्या नावाने सेव्ह करायचं. चुकून भलतीच फाइल उघडली तर बंद करायची आणि ‘नाही’ म्हणायचं. इतक्या वर्षांत त्यांचा एक कागद चुकीचा गेला नव्हता.

मग सरांनी ठरवलं, फुकट मिळतंय तर विकत कशाला घ्यायचं. मला आनंदच झाला होता. खोटं कशाला बोलू? पेन ड्राइव्हची कटकट गेली, मुलुंडला साइटवर गेलेला माणूस मोबाइलवर कागद बघू शकायला लागला, मशीन बंद पडलं तरी काही जात नव्हतं. त्रासही होताच. नेट गेलं की हातावर हात. मराठी पत्राच्या ओळी प्रिंट काढताना कुठल्या कुठे सरकायच्या. पण ताईंना वेगळीच गोष्ट खुपायची. त्या लिहीत असताना मी तीच फाइल उघडली की माझ्या नावाची रंगीत रेघ त्यांच्या पानावर लुकलुकायची. “तू हय कित्याक इलंस गो?” असं म्हणून त्या टाइप करायच्या थांबायच्या. कोणी बघत असलं की त्यांचा हात चालायचा नाही.

त्यांना शिकवायचं काम सरांनी माझ्या गळ्यात मारलं. मी पंधरा मिनिटांत उरकलं. “सेव्हचं टेन्शनच नाही ताई, आपोआप होतं,” असं म्हणून पुढे गेले. चुकीचं टाइप केलेलंही आपोआप सेव्ह होतं, आधी कॉपी काढली नाही तर जुना करार जुना राहतच नाही, हे काही मी सांगितलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, “किती वेळा तेच तेच, ताई?” त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवशी मुलुंडच्या एका मोठ्या सोसायटीचा करार तयार होता. सरांनी त्याची लिंक कमिटीला पाठवली होती आणि संध्याकाळी मीटिंगमध्ये तो मंजूर व्हायचा होता. दुपारी ताईंना बोरिवलीच्या सोसायटीचा करार करायचा होता. त्यांनी सवयीने मुलुंडचाच उघडला, वर बोरिवलीचं नाव घातलं, दर बदलले. तेवढ्यात बोरिवलीहून फोन आला, त्यांना सुट्या भागांशिवायचा करार हवा होता. म्हणजे हा नमुना उपयोगाचा नाही. ताईंनी फाइल बंद केली आणि स्वतःशीच पुटपुटल्या, “बरा झाला, सेव्ह नाय केलंय.”

मी ते ऐकलं. माझा फोन चालू होता. काहीतरी खटकलं, पण समोरचा माणूस बोलत होता आणि मी ते सोडून दिलं.

संध्याकाळी मुलुंडच्या कमिटीने लिंक उघडली तर करारावर बोरिवलीचं नाव आणि दर त्यांच्यापेक्षा कमी. ते भडकले. करार गेला.

सकाळी सर तणतणतच आले. फाइलला हात कोणी लावला म्हणून विचारलं. ताई उभ्या राहिल्या. “मी उघडली होती सर. पण बंद केली. सेव्ह नव्हती केली.”

सरांनी माझ्या स्क्रीनवर फाइलची हिस्टरी उघडली. प्रत्येक बदल, त्याची वेळ आणि समोर ताईंचं नाव. “मग हे काय भुताने केलं?”

घाबरल्या की ताईंचं मराठी मालवणीत जायचं. “सर, मी सेव्ह करूकच नाय.”

“नुसती चूक असती तर मी पोटात घातली असती,” सर म्हणाले. “खोटं बोलू नका.” मग माझ्याकडे वळले. “तू सांग. हिस्टरी कधी चुकीचं दाखवते?”

दोन वाक्यांचं काम होतं. त्यांनी खरंच सेव्ह न करता बंद केली, मी ऐकलंय. आणि आपोआप सेव्ह होण्याचा अर्थ मी त्यांना नीट सांगितला नव्हता. पण आठच दिवसांपूर्वी सर मला सहज म्हणाले होते, सगळं ऑनलाइन झालंय तर बाहेर दोन माणसं कशाला लागतात?

“नाही सर,” मी म्हटलं.

ताई खाली बसल्या. नंतर मी हिस्टरीतून मुलुंडचा करार परत जसाच्या तसा केला. एका मिनिटाचं काम.

महिनाअखेरीस ताईंना जायला सांगितलं. शेवटच्या दिवशी त्यांनी कुठल्या सोसायटीला मराठीतच पत्र लागतं, कोणाला दोन प्रती लागतात, हे सगळं मला शांतपणे समजावलं. परत परत विचारलं तरी सांगत होत्या. मग डबा पिशवीत भरला आणि म्हणाल्या, “मी खोटं नाही बोलले गं.”

“मला माहितीये, ताई.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मग?”

मी त्यांची पिशवी उचलून दारापर्यंत नेली. उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं आणि बहुतेक त्यांनाही कळलं असावं. मला माझी खुर्ची हवी होती. पुढे चार वर्षं मी त्या खुर्चीत बसले.