वाळ्यातलं घुंगरू

देवाशी माझा अबोला होता. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. सुमन, माझी पत्नी, गेल्यापासून मी तिच्या देव्हाऱ्याला हात लावला नाही, इतकंच. ती होती तोवर देवाचं सगळं तिच्याकडे आणि तिची चेष्टा करणं माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. दर सोमवारी ती पेठेतल्या महादेवाच्या देवळात जायची आणि नंदीच्या कानाला तोंड लावून बराच वेळ काहीबाही कुजबुजायची. नंदीला सांगितलं की तो महादेवापर्यंत पोचवतो, असं आपल्याकडे मानतातच. मी पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस. म्हणायचो, "अर्ज वरिष्ठांमार्फत चाललाय वाटतं!" तिच्या शेवटच्या आजारपणात मीही एकदा त्या कानाशी गेलो. चांगलं सविस्तर सांगितलं, कोणता डॉक्टर, कोणतं औषध, काय व्हायला हवं. ती गेली. त्यानंतर मी त्या देवळावरून जायचंही टाळू लागलो.

मग माझी मुलगी प्राची तान्ह्या मुक्ताला घेऊन माझ्याकडे राहायला आली. जावई अकलूजला साखर कारखान्यात, प्राचीची बँकेतली बदली सोलापूरला. तिची रजा संपली तेव्हा अकलूजच्या विहीणबाई म्हणाल्या, "मी येते राहायला, बाळाला दिवसभर बघते." मी ठामपणे नको म्हणालो. बाई ठेवूया, असं प्राची म्हणाली, त्यालाही नको म्हणालो. खरं सांगायचं तर त्या रिकाम्या घरात मुक्ता आली आणि मला सकाळी उठायला कारण मिळालं. ते कारण मला कुणाबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. शेजारणीने नुसतं घ्यायला हात पुढे केले तरी मी काहीतरी निमित्त काढून आत जात असे.

सगळं बरं चाललं होतं, आणि पोरीला दात यायला लागले. ज्यांनी हे प्रकरण निस्तरलंय त्यांना जास्त सांगायला नको. लाळेचा नळ चालू. समोर येईल ते तोंडात, माझं बोट, चष्म्याचं घर, चादरीचा काठ. पायात चांदीचे घुंगरांचे वाळे होते, तर पाय उचलून तेही चावायची. डॉक्टर म्हणाले, दातच आहेत, काळजी करू नका, स्वच्छ बोटाने हिरड्या चोळा. चोळल्या. गार फडकं चावायला दिलं. खांद्यावर घेऊन घरभर फिरलो, सोलापूरच्या उन्हात गच्चीच्या सावलीपर्यंत जाऊन आलो. घटकाभर गप्प बसायची की पुन्हा सूर लागायचा. त्या दिवशी तर सकाळपासून तिने आकाशपाताळ एक केलं होतं. मानेखाली हात घालून उचललं की किंचाळायची. दूध तोंडाला लावू देईना. लाळेरं बदलायला गेलो तर मान ताठ करून असं रडायची की मी गाठ सोडायचा नादच सोडला आणि ओल्या लाळेऱ्यावर दुसरं कोरडं बांधलं. ते भिजलं की त्यावर आणखी एक. माझ्या मते हा मोठा व्यवहारी तोडगा होता.

दहा वाजून गेले असतील. तिला मांडीवर आडवी घेऊन पाय चोळत होतो आणि लक्षात आलं की डाव्या वाळ्यातलं एक घुंगरू नाही. नुसती कडी लोंबत होती. मी पाळणा झटकला, चटई उचलली, चादर अंगणात नेऊन उलटी केली, कपाटाखाली हात घातला. घुंगरू कुठेच नव्हतं. आणि हीच पोर सकाळी तो पाय तोंडात घेऊन बसली होती! मला दरदरून घाम फुटला. तिने ते गिळलं, ही एकच गोष्ट डोक्यात घण घालू लागली. प्राचीला फोन लावला, ती उचलेना. पायात आली ती चप्पल घालून मी मुक्ताला उराशी धरून निघालो.

आमच्या पेठेत लहान मुलांचा आणि बाळंतपणाचा दवाखाना एकाच इमारतीत आहे. डॉक्टर वर नुकत्याच जन्मलेल्या बाळाजवळ गुंतले होते. सिस्टरने मुक्ताचा घसा बघितला, छातीला नळी लावली. म्हणाल्या, "श्वास चांगला चाललाय काका. इतकी मोठ्यानं रडतेय म्हणजे घशात काही अडकलेलं नाही. पोटात गेलंय का ते एक्स-रेत कळेल. डॉक्टर आले की लगेच काढू, तोवर दूध-पाणी काही देऊ नका. श्वासाला त्रास वाटला तर तशीच वर घेऊन या." म्हणजे थांबायचं. दात शिवशिवणारी, सकाळपासून उपाशी पोर, तिला दूधही द्यायचं नाही आणि थांबायचं. व्हरांड्यातले सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाहेर आलो. समोर सावली होती ती त्याच देवळाची. दुसरीकडे कुठेही ऊन रणरणत होतं, म्हणून गेलो. श्रद्धेने गेलो असं लिहिलं तर ते खोटं होईल.

गुरवाने नुकतंच सगळं धुऊन काढलं होतं. काळा नंदी ओला, गारेगार. मी टेकायला म्हणून त्याच्याजवळ बसलो. मुक्ता माझ्या हातातून पुढे झुकली आणि तिने थेट नंदीचा कान तोंडात धरला! गार दगडावर हिरड्या घासत, डोळे मिटून, ती तो कान चघळू लागली आणि रडं थांबलं. मी गुरवाकडे बघितलं. तो झाडू टेकवून उभा होता. म्हणाला, "असू द्या. आत्ताच सोच्छ धुतलाय." ती शांतता कानाला किती बरी वाटली म्हणून सांगू. पण तिच्या वाळ्याची ती रिकामी कडी माझ्या मनगटाला लागत होती. तिच्या डोक्यावर हनुवटी ठेवून मीही त्या कानाशीच वाकलो. सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तोंडातून एवढंच आलं, "मला एकट्याला जमत नाही." हे वाक्य मी सुमन गेल्यापासून कुणाला म्हटलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आणि मला रडू आलं. भर दिवसा, गुरवासमोर, लहान पोरासारखं.

"दात येत्यात व्हय?" असं कुणीतरी विचारलं. खांबाला टेकून एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या असतील. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पाण्याची बाटली.

मी डोळे पुसले आणि सगळं सांगून टाकलं. घुंगरू, दवाखाना, सगळं. त्या उठून जवळ आल्या.

"वाईच माज्याकडं द्या की लेकरू. आमी नातेपुत्याकडचं. सून हाय वर दवाखान्यात. कालधरनं कळा देतीया. आत बसवंना म्हणून हितं आले. लेकरू हातात आलं की माजाबी जीव थाऱ्यावर येईल."

एरवी मी निमित्त काढून उठलो असतो. पण नुकतंच जे बोलून बसलो होतो ते माझ्याच कानात होतं. आणि त्या बाईही माझ्यासारख्याच वरच्या निरोपाची वाट बघत होत्या. मी मुक्ताला त्यांच्याकडे दिलं. सोपं वाटतं लिहायला. मला वाटलं, माझ्या हातात आता काहीच उरलं नाही.

त्यांनी तिला मांडीवर बसवलं, पदराने तोंड पुसलं आणि थबकल्या. "आगं बया! ह्ये काय वो दादा, एकावर एक किती बांदल्यात? लेकरू हाय का गाठोडं?" पहिलं सोडलं, दुसरं सोडलं. तिसऱ्याची गाठ सोडायला घेतली तशी मुक्ताने भोकाड पसरलं, पण बाईंनी तिला बोलण्यात गुंगवत ते ओलं लाळेरं हलकेच ओढलं. आणि फरशीवर काहीतरी टिणकन वाजलं.

घुंगरू होतं. पोरीच्या गुटगुटीत मानेच्या वळीत लाळेने चिकटून बसलं होतं, आणि वरून मी लाळेऱ्यांचा बंदोबस्त केला होता! तिथे लालभडक वळ उठला होता. मानेखाली हात घातला की ती का किंचाळत होती ते तेव्हा कळलं. मी ते घुंगरू उचललं आणि मला हसू फुटलं. बाईही हसायला लागल्या. "आता न्हाय रडायचं, घावलं की!" असं म्हणत त्यांनी तिला खांद्यावर टाकलं आणि थोपटू लागल्या. काही क्षणांत मुक्ता त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली. सुमन गेल्यानंतर इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

आम्ही तसेच बसून होतो. मग दवाखान्याच्या दारातून कुणीतरी "आत्या, चला लवकर!" अशी हाक मारली. बाईंनी मुक्ताला माझ्या खांद्यावर ठेवलं, नंदीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि चप्पल न घालताच धावल्या. मी त्यांची चप्पल घेऊन मागोमाग गेलो, तोवर त्या जिना चढून गेल्या होत्या. जिन्याच्या पायरीशी मी ती जोडी नीट लावून ठेवली.

डॉक्टरांनी मुक्ताला तपासलं, हरवलेलं एकच होतं ना याची खात्री केली आणि दूध द्यायला सांगितलं. खालच्या हिरडीतून दाताची पांढरी कड दिसू लागली होती, तीही दाखवली. तेवढ्यात प्राचीचा फोन आला. घाबरलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, काय झालं?" मी म्हणालो, "सगळं ठीक आहे. वाळे तेवढे काढून ठेवूया. आणि तुझ्या सासूबाईंना म्हणावं, या. मीच फोन करतो."

विहीणबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. दोन आजी-आजोबांत एक पोर आता मजेत वाढते आहे, आणि मला दुपारची झोपही मिळते. हा चमत्कार होता का, मला माहीत नाही. लाळेरं कधी ना कधी सुटलंच असतं, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण मूठ आवळून बसलेल्या म्हाताऱ्याला ती उघडायला लावणारं कुणीतरी त्या दिवशी तिथे होतं, आणि त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्या बाईंची पुन्हा भेट झाली नाही. त्यांच्या सुनेला मुलगा झाला की मुलगी, सुटका सुखरूप झाली की नाही, काहीच कळलं नाही. नावसुद्धा विचारायचं राहिलं. पूर्वी मी देवाला सगळं बयाजवार समजावून सांगायला गेलो होतो. आता सकाळी सुमनच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडले की आधी एवढंच म्हणतो, "ती नातेपुत्याकडची सून आणि तिचं बाळ. बाकी तुला माहीत आहे."