चार्जरबाई

आमच्या बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र, त्यावर शाळेचं ओळखपत्र आणि त्याहीवर चार्जरची पांढरी वायर असायची. वर्गात, एसटीत, अगदी हळदीकुंकवालासुद्धा. पलूसजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना चार्जरबाईच म्हणत. कुणी तोंडावर म्हटलं तर बाई हसायच्या. "म्हणू द्या की. निदान गळ्यातलं कामाचं तरी हाय," असं त्यांचं उत्तर असे.

मला जन्मापासून कमी दिसतं. नाक पुस्तकाला टेकवलं तरी ओळी मुंग्यांसारख्या पांगायच्या. चौथीत हेडसरांनी माझ्या वडिलांना, अण्णांना, बोलावून सांगितलं, "हिला घरीच ठेवा. हिच्यामुळं वर्ग मागं पडतो." अण्णा फौजेतून निवृत्त होऊन ऊस लावणारे. वरचा हुकूम त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता. त्यांनी माझं दप्तर उचललं, तर बाई दारात आडव्या. "आवं फौजी, रातच्या पहाऱ्याला तुमास्नी तरी काय दिसत हुतं? घरी धाडलं का कुणी? दसऱ्यापातुर थांबा." अण्णा थांबले, पण दसऱ्यापुरतेच.

शाळेला देणगीत आलेले टॅब कपाटात कुलूपबंद असत. अंगावरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. साहेब तपासणीला आले की ते टेबलावर यायचे. खंडेनवमीच्या पाटीपूजनाला हळदकुंकू लावून घ्यायचे आणि परत आत जायचे. हेडसरांचा तसा नेमच होता. त्या खंडेनवमीला आरती झाली, हेडसर चावी घेऊन उठले, तोवर बाई एका टॅबचं प्लास्टिक टराटरा फाडत होत्या. "पूजा झाली न्हवं? मग परसाद वाटाया नगो?" म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला.

दोन बोटांनी अक्षर कसं ओढायचं ते त्यांनी दाखवलं आणि 'क' माझ्या तळहाताएवढा झाला. मला रडू आलं नाही, राग आला. हे इतके दिवस कपाटात होतं आणि ढ मात्र मी.

मग बाईंना कुणी आवरू शकलं नाही. फळ्यावरचं सगळं त्या टॅबवर घ्यायच्या, म्हणजे मी ते मोठं करून वाचायची. लांबलचक धडे टॅबच मोठ्यानं वाचून दाखवायचा. वर्गातली यास्मिन बोलताना अडखळायची. तिनं घरी सावकाश कविता म्हणून टॅबमध्ये भरली आणि वर्गाला ऐकवली. शाळेतली वीज सारखी जायची, म्हणून बाई पिठाच्या गिरणीत, स्टँडवरच्या टपरीत, जिथं प्लग दिसेल तिथं वायर लावून बसायच्या. परत यायच्या तेव्हा अंगभर पीठ असायचं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी माझा टॅब हातात धरला. काचेवर ओरखडे, कडेला हळद, मागं चिंचेचा डाग. "हे काय करून ठेवलंय, बाई?" त्यांनी विचारलं. हेडसर खाली बघत होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "सायेब, ह्यो नवा दिसला असता तर मला नोटीस द्यायला पायजे हुती. म्हंजे मी शिकवलंच न्हाई." साहेबांनी टॅब खाली ठेवून चहा मागवला. घरी अण्णांनी हा किस्सा माझ्याकडून पुन्हा पुन्हा सांगून घेतला. दसरा कधीच उलटला होता, तरी दप्तर उचलायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पुढच्या जूनमध्ये बाईंची बदली झाली, थेट जत तालुक्यात. जाताना त्यांनी गळ्यातली वायर काढून माझ्या गळ्यात घातली. "मागून घ्यायचं. लाजायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मात्र मी खूप रडले. बाईंखेरीज माझ्यासाठी दारात आडवं कुणी उभं राहिलं नव्हतं.

आठवड्याभरात टॅब पुन्हा कपाटात गेले. मी रोज मागायची, हेडसर रोज उद्या म्हणायचे. मी घरी सांगितलं तसे अण्णा उठले आणि शाळेत येऊन कपाटाला पाठ लावून खाली बसले. वर्ग बघत होता.

"फौजी, असं करू नका. वरनं हुकूम आहे, सामान जपून ठेवा म्हणून," हेडसर म्हणाले.

"हुकूम लय पाळलं, सर," अण्णा म्हणाले. "आता चावी द्या. न्हाईतर मी हितंच हाय."

दुपारच्या सुट्टीपर्यंत ते तिथून हलले नाहीत. शेवटी कपाट उघडलं. माझा टॅब निघाला, पण चार्जिंग संपून तो केव्हाच बंद पडला होता. अण्णांनी तो धोतरानं पुसला आणि माझ्यापुढं हात पसरला.

मी गळ्यातली वायर काढून त्यांच्या हातात दिली.