मोगल यांचं पुढं काय झालं

तृप्तीताई धडधाकट आहे. हे आधीच सांगते. तिच्याबद्दल बोलायला लागले की माझा आवाज असा होतो, की लोकांना भलतंच वाटतं.

नाशिकच्या एका संस्थेत ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर काम करायची. त्रास सुरू होण्याआधीच बायकांना तपासायचं, म्हणजे रोग वेळेत सापडतो. कुठल्या गावात तो किती सापडतो यावर ती इंग्रजीत लेख लिहायची. मी इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालेली. तिच्या लेखांतली वाक्यं सरळ करणं ही माझी नोकरी.

ती मूळची निफाडची. वडील कारभारी मोगल यांची द्राक्षबाग. थंडीत हरसूलकडच्या बायका तिथं मजुरीला येत, पालं ठोकून राहत. त्यातली भिमाबाई अंगावरून रक्त जाऊन जाऊन बागेतच वारली. ताई तेव्हा शिकत होती. पुढं तिनं भिमाबाईच्या भागातल्या गावांची पाहणी केली. तपासणीची शिबिरं हिवाळ्यात भरत आणि हिवाळ्यात या बायका घरी नसत. एवढंच तिनं आकड्यांनी दाखवलं. १९९५ साली लेख छापून आला. लेखक, एम. के. मोगल. एम म्हणजे मीना.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा किशोर जाधव, ओझरच्या विमान कारखान्यात. थोरल्या जावेचं नावही मीनाच.

"एका घरात दोन मीना कशाला? हाक मारली की दोघी येतील, नाहीतर एकही यायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

किशोररावांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'तृप्ती' लिहिलं. त्यानंतरचे सगळे लेख टी. के. जाधव या नावानं आले.

२००५ मध्ये तपासणीच्या प्रकल्पाचे जुने प्रमुख निवृत्त झाले. ताईनं त्या जागेसाठी अर्ज केला. जागा मिळाली तर काम चालू राहणार होतं. नाही मिळाली तर तिचा करार मार्चमध्ये संपणार होता, आणि शिबिरं कधी भरवायची हे दुसरं कुणी ठरवणार होतं. तोवर तिच्यामुळं ती मे महिन्यात भरत. मुलाखतीला मी टिपणं घ्यायला बसले होते.

"जाधवबाई," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या प्रत्येक लेखात या मोगलांचा संदर्भ आहे. चांगलं काम करत होते. पुढं काही लिहिलेलं दिसत नाही. काय झालं त्यांचं?"

"लग्न झालं," ताई म्हणाली.

सगळे हसले. तीही थोडी हसली. मग म्हणाली, "मोगल म्हणजे मीच, सर."

नावबदलाचं प्रतिज्ञापत्र तिनं पुढं केलं. कुणी शंका घेतली नाही. अध्यक्ष अगदी सौम्यपणे म्हणाले, "मग मोजणी बदलावी लागेल."

अर्जदाराच्या कामाला इतरांच्या कामाचा आधार किती, हे ते संदर्भ मोजून ठरवत; आपल्याच जुन्या लेखाचा आपणच दिलेला संदर्भ त्या मोजणीत धरत नाहीत. त्यांनी पेन उघडलं आणि समोरच्या यादीतल्या मोगलांच्या नावापुढच्या नोंदी एकेक खोडायला घेतल्या. त्या गावांवर दुसरं कुणी लिहीतच नव्हतं. खाली फारसं काही उरलं नाही.

आत येताना ती दुसऱ्याच्या कामावर उभी होती. बाहेर पडताना आपलीच री ओढणारी झाली होती.

जागा बाहेरून आलेल्या धनराज सरांना मिळाली. वाईट माणूस नाही. त्यांनी शिबिरं जानेवारीत ठेवली. हवा बरी असते म्हणून. ताई करार संपायच्या आधी त्यांच्याकडं गेली.

"जानेवारीत गावात बायका नसतात, सर. मे महिन्यात घ्या."

"कशावरून?"

"माझा लेख आहे."

"आणखी कुणाचा?"

"नाही."

त्यांनी कपाळ चोळलं. "मॅडम, वर मी काय दाखवू? आणखी एकाचं नाव असतं तर बघा."

त्यांचं वेळापत्रक माझ्याकडं आलं. मी त्यातली वाक्यं सरळ केली.

पुढच्या जानेवारीत मी शिबिराच्या जीपबरोबर हरसूलच्या पुढं गेले. घरांची दारं दोरीनं बांधलेली. एका ओट्यावर एक म्हातारी दोन नातवंडं घेऊन बसली होती. टेबल मांडलं, पडदा लावला. दुपारी पडदा काढला.

रविवारी निफाडला गेले. द्राक्षांची तोड चालू होती. ताई वडिलांच्या बागेत बायकांबरोबर घड कापत होती. मी पाहिलं ते सांगितलं. तिनं मान हलवली.

शेजारच्या ओळीतून हरसूलकडची सुलाबाई म्हणाली, "ताई, औंदा तपासणीला नाय आल्या तुमी. सासूनं कोंडून ठेवलं व्हय?"

बायका हसल्या.

"मी नाही आता त्यात. पण तपासणी आहे, तुमच्याच गावांत."

"कदी?"

"आत्ता. चालू आहे."

सुलाबाईनं हातातला घड क्रेटमध्ये ठेवला.

"आन् आमी हितं."

"हो," ताई म्हणाली, आणि पुढचा घड कापला.